शेताकडच्या कोपऱ्यातला पाइल

हे मी कोणाजवळच बोललेलो नाही. बायकोला माहीत नाही, भावाला नाही, आणि ज्यांना सगळ्यात आधी कळायला हवं होतं त्यांना तर नाहीच. एरवी मी गप्प बसणारा माणूस नाही, हे चांदूर रेल्वेत कोणीही सांगेल. माझ्या मशीनचा विषय निघाला की समोरच्याचा चहा थंड होतो. तेव्हा आधी मशीनबद्दलच बोलू द्या — तिथून त्या कोपऱ्यापर्यंत यायला मला जरा बळ येईल.

माझी मशीन जेसीबीच्या जातीची, पण लहान आहे. लोक हसतात, खेळण्यातली आणली का म्हणून. पण ती शेताच्या बांधावरून, धुऱ्यावरून जाते, संत्र्याच्या दोन ओळींमधून जाते, पत्र्याच्या पडवीखाली शिरते. तिच्या पुढच्या हाताला मी बकेट लावत नाही, ड्राइव्ह लटकवतो. ड्राइव्ह म्हणजे एक बुटका लोखंडी डबा. आत तेलाच्या दाबावर फिरणारी मोटार आणि दातेरी चाकं. दोन नळ्यांतून तेल जातं-येतं आणि खालचा दांडा फिरतो — जात्यापेक्षाही हळू, पण मध्ये हात आला तर हात जाईल इतक्या जोरात. त्या दांड्याला पाइप जोडायचा, पाइपाच्या टोकाला पिळदार पातं. पाइप जमिनीत स्क्रूसारखा उतरत जातो. खड्डा नाही, काँक्रीट नाही. त्या गाडलेल्या पाइपालाच पाइल म्हणतात. सोलरचे पॅनल, कुंपणं, गोठे, हलकी घरं — अमरावतीपासून अकोल्यापर्यंत माझे पाइल उभे आहेत.

आणि एक काटा असतो, तेलाच्या दाबाचा. जमिनीनं पाइलला किती घट्ट धरलंय ते काटा सांगतो. काटा खुणेवर गेला की थांबायचं आणि वर उरलेला पाइप कापून टाकायचा. इतकं सोपं. पण आपल्याकडे नाही. काळी जमीन उन्हाळ्यात खोटं बोलते. वैशाखात ती वरून दगड होते, काटा अर्ध्यातच खुणेला टेकतो, आणि पावसाळ्यात तीच जमीन फुगते, मऊ पडते आणि धरलेलं सोडून देते. म्हणून भेगा जातात त्याच्याही खाली उतरायचं, मुरूम लागेपर्यंत, काटा काहीही म्हणो. हे मला माहीत होतं. मला माहीत नव्हतं असं म्हणायला मी जागा ठेवलेली नाही.

सुलभाबाईंनी मला सातवीत विज्ञान शिकवलं. छडी नाही, ओरडणं नाही, पण उत्तर येत नसेल तर "येत नाही" म्हणायला लावायच्या — गोलगोल बोललेलं त्यांना चालत नसे. त्यांचे यजमान दादाराव काका रेल्वेत होते. उभा जन्म चांदूरच्या आसपास रुळांवरून चालण्यात गेला, हातात हातोडी. रूळ ठोकायचा आणि आवाज ऐकायचा. निवृत्त झाले तरी ती खोड गेली नाही. हातोडीच्या जागी काठी आली एवढंच. दाराची चौकट, पाण्याची टाकी, एकदा माझ्या मोटरसायकलचा मडगार्ड — जे दिसेल ते ठोकून पाहायचे आणि मान कलती करून ऐकायचे.

गावातल्या त्यांच्या घराच्या भिंती काळ्या जमिनीनं दोनदा फाडल्या होत्या. म्हणून दोघांनी ठरवलं — गावाबाहेरच्या शेतात हलकं घर उभारायचं, लोखंडी सांगाडा, वर पत्रे, आणि सगळं पाइलवर, जमिनीपासून गुडघाभर उंच. जमीन खाली काय हवं ते करो. काकांनी काम मला दिलं. बाई म्हणाल्या, "गजू आपला पोरगा हाय, तो करन नीट."

वैशाखातला दिवस होता. जमिनीला अशा भेगा की कोपरापर्यंत हात जावा. काका छत्री धरून दिवसभर माझ्या बाजूला उभे. एक पाइल झाला की पुढं येऊन काठीनं ठोकायचे, ऐकायचे, मान हलवायचे. मला हसू येत होतं, थोडा रागही येत होता. माझ्याजवळ काटा आहे, यांची काठी कशाला?

शेवटचा पाइल शेताकडच्या कोपऱ्यातला. दुपार कलली होती. अकोल्याला दुसऱ्या सकाळी काम लागलं होतं आणि मशीन चढवायला ट्रेलर रस्त्यावर येऊन थांबला होता. ड्रायव्हर सारखा हॉर्न देत होता. पाइल अर्धा उतरला आणि काटा खुणेला टेकला. काका चहा आणायला लिंबाच्या झाडाखाली गेले होते, बाईंनी तिथं चूल मांडली होती. मी काटा पाहिला. मी काकांची पाठ पाहिली. आणि मशीन बंद केली.

बाकीच्या पाइलांचे वर उरलेले तुकडे वीतभर, हातभर होते. या पाइलचा तुकडा माझ्या कमरेइतका निघाला. तो तसा पडलेला कोणी पाहिला असता तर शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मग मी काय केलं? शेजारीच एक रुंद भेग होती. तुकडा उभा धरला आणि आत सोडला. तो खरवडत गेला. तळाला लागल्याचा आवाज ऐकायला मी थांबलो होतो — आवाज आला नाही. त्या उन्हात माझ्या अंगावर काटा आला. मी पायानं ढेकळं लोटली आणि हात पुसले.

काका चहा घेऊन आले. त्यांचा बिनसाखरेचा, शुगर होती त्यांना. माझा गोड. बाई नेहमी चिडवायच्या, "गजू चहा नाही पेत, पाक पेते," आणि वरून दोन चमचे जास्तच टाकायच्या. काकांनी कप खाली ठेवला, कोपऱ्यातला पाइल ठोकला. मान कलती केली. परत ठोकला.

"गजू, बाकीचे एका सुरात बोलून राह्यले. हा येगळा बोलते."

"जमीन कडक हाय काका इथं, म्हणून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. संशयानं नाही, तेच तर — विश्वासानं पाहिलं. म्हणाले, "असन बा. तुले जास्त समजते त्याच्यातलं."

घर झालं. देखणं झालं. आणि हिवाळ्यात काका गेले, अमरावतीच्या दवाखान्यात, छातीच्या दुखण्यानं. त्याचा पाइलशी काही संबंध नाही. ते मी माझ्या अंगावर घेत नाही. माझं मला पुरेसं आहे.

पुढचा पावसाळा सरत आला तेव्हा बाईंचा निरोप आला, एकदा येऊन जा. मला वाटलं, पत्रा गळत असेल. गेलो तर त्यांनी काहीच दाखवलं नाही. बुद्धाच्या मूर्तीजवळ दिवा लावला आणि म्हणाल्या, "बस जरा. दिवेलागण होऊ दे."

ऊन उतरलं. हवा गार झाली. बाहेर किडे ओरडायला लागले आणि मग —

टक्.

थोडा वेळ काही नाही. मग टक् टक्. खालून, शेताकडच्या कोपऱ्यातून. काठीनं कोणी पायरी ठोकत घराकडे यावं, तसा. बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. उठल्या, दार उघडलं, बाजूला सरल्या — माणसाला आत यायला वाट करून देतात तशा.

मला त्याच क्षणी समजलं, हे मी तुम्हाला सरळ सांगतो. आखूड पाइल पावसात जमिनीबरोबर वर येतो, उघडीप पडली की खाली बसतो. तुळई पाइलला धरणाऱ्या बोल्टांची भोकं ओढून लांबट झाली असणार. दिवसभर तापलेला पत्रा आणि सांगाडा संध्याकाळी निवतो, आक्रसतो, आणि सैल पडलेली तुळई पाइलच्या डोक्यावर आपटते. टक्. दुसरं काही नाही. आणि एवढं समजूनसुद्धा माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. कारण तो आवाज काकांच्या काठीचा होता. हुबेहूब. कोपऱ्यातला तो पाइल, जो वेगळा बोलतो म्हणून त्यांनीच सांगितलं होतं — आता तो त्यांच्याच आवाजात बोलत होता.

बाई दारातून वळल्या. म्हणाल्या, "गजू, मी तुमाले शाळेत शिकवलं ना, भूत नसते म्हणून. मंग हे काय हाय? तू मशीनवाला हाय. तुले समजत असन तर सांग मले."

त्यांना उत्तर हवं होतं. ऐकताय ना? त्या वेड्या झाल्या नव्हत्या. त्यांनी नीट, शिक्षिकेसारखा प्रश्न विचारला होता आणि उत्तर माझ्या जिभेवर होतं. ते दिलं असतं तर भेगेतला तुकडा, अर्ध्यात बंद केलेली मशीन, काकांना मारलेली थाप — सगळं बाहेर आलं असतं. चांदुरात माझं नाव गेलं असतं. निदान "येत नाही" तरी म्हणायचं, त्यांनी शिकवलेलं. मी तेही म्हटलं नाही. मी म्हटलं, "बाई, मी काय सांगू. काकाच असतीन."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला खाली पाहावं लागलं.

मी त्यांना भूत दिलं. आखूड पाइल हा आळस होता, घाई होती, काय म्हणाल ते. पण हे मी पूर्ण शुद्धीत केलं.

त्यानंतर बाई दिवेलागणीला घर सोडेनाशा झाल्या. कोणाच्या लग्नाला नाही, विहारातल्या कार्यक्रमाला नाही. आणि मग डोळे. काचबिंदू निघाला. मुलगी अकोल्याला असते, वैशाली. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन लवकर करा आणि नंतर काही आठवडे इथंच राहा, तपासण्या चुकवू नका. गेलेली नजर परत येत नसते. बाई म्हणाल्या, "संध्याकाळी घरी कोणी नसन तर हे दारातून परत जातीन."

वैशाली माझ्याकडे आली. मी मशीनच्या नळ्या बदलत होतो. ती उभ्या उभ्याच म्हणाली, "गजूदादा, आई म्हणते गजूनंबी ऐकलं. ते घराचंच काही असन ना — पत्र्याचं, खालच्या लोखंडाचं? तुमी एकदा सांगा तिले. तुमचं ऐकन ती."

पुन्हा एकदा कोणी दार उघडून धरलं होतं माझ्यासाठी. मी हातावरचं तेल पुसत राहिलो. मग म्हटलं, "घराचं काही नाही ताई. पाया पक्का हाय."

ती गेली. बाई अकोल्याला गेल्या नाहीत. नजर आधी कडेकडेनं गेली, मग मधली. आता त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं. मी सांगितलं असतं तर त्या ऑपरेशनला गेल्या असत्या. यात "कदाचित" नाही. मी ते खूप शोधलं.

नजर पूर्ण जायच्या आधीची एक गोष्ट राहिली. काळी जमीन फुगते, फाटते, खालचं वर आणते. शेतात दरवर्षी नवे दगड निघतात ते असेच. एका पावसाळ्यानंतर बाईंच्या पायाला पायरीजवळ काही तरी लागलं. मला बोलावून म्हणाल्या, "पाह्य तं गजू, जमिनीतून काय निघालं." मी वाकलो. गंजलेल्या पाइपाचं तोंड. मातीतून नुसतं वर आलेलं, वासलेलं. जिथं मी आत सोडला होता तिथून हातभर सरकून, घराकडे. मी तो उपसून काढला. एका टोकाला माझ्या कटरची तिरपी खूण होती, अजून ओळखू येईल अशी.

"जुन्या कुंपणाचा खांब असन," मी म्हटलं आणि तुकडा घराखाली सरकवून दिला. त्यांना तेव्हा तो ओळखण्याइतकं दिसत नव्हतं. मी तेही हिशेबात धरलं होतं.

डोळे गेल्यावर वैशाली त्यांना दोन दिवसांसाठी बळंच अकोल्याला घेऊन गेली. त्या दोन दिवसांत मी मशीन तिथं नेली. कोणी विचारलं नाही. माझंच काम, माझीच मशीन. जुन्या पाइलच्या अंगाशी पत्र्याखालून ड्राइव्ह घातला आणि नवा पाइल उतरवला. भेगांच्या खाली, काळ्याच्या खाली, मुरमात. काटा खुणेवर गेला तरी थांबलो नाही. मशीन मागून उचलली जायला लागली तेव्हा थांबलो. तुळई जॅकवर घेतली, नव्या पाइलवर टेकवली, आवळली. ठोकून पाहिलं. सगळे एका सुरात बोलत होते. मला वाटलं, सुटलो. आता आवाज येणार नाही, बाई कंटाळून अकोल्याला मुलीकडे जातील, तिथं त्यांना हाताशी माणूस असेल. इतकं सगळं मी त्यांच्यासाठी ठरवून टाकलं होतं, फक्त खरं तेवढं सांगायचं नव्हतं.

आवाज थांबला. बाई मात्र गेल्या नाहीत.

मी भेटायला गेलो की विचारायच्या, "हे येत नाहीत आता. मी दोन दिवस गेली म्हणून रुसले का रे? माझं काय चुकलं?" सतरा वेळा विचारायच्या. मग त्या दिवेलागणीला पायरी उतरून शेतात जायला लागल्या, हात पुढं करून. एकदा शेतापलीकडच्या रुळावर सापडल्या. गँगमन रूळ ठोकत होता, तो आवाज ऐकून गेल्या होत्या. त्यानंच धरून घरी आणलं. तो मला बाजारात म्हणाला, "भाऊ, बुढीनं माह्या हातोडीले हात लावला, अन् माह्या तोंडावरून हात फिरवला. मंग रडाले लागली."

त्या रात्री मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी तरी गेलो का सांगायला? गेलो. पायरीपर्यंत गेलो.

आता तो कोपरा आला. इथपर्यंत आलात, तर हेही ऐका.

मी घराखाली शिरलो. पोटावर, गुडघाभर उंचीच्या त्या जागेत. ओली माती, जाळी, तोंडात कचरा. वर बाईंची पावलं वाजत होती, स्वयंपाकघरातून दारापर्यंत आणि परत. तो तुकडा तिथंच पडला होता. मी तो हातात घेतला. पावलं बरोबर माझ्या डोक्यावर येऊन थांबली. मधे फक्त एक फळी. माझा श्वास त्यांना ऐकू जाईल असं वाटलं. मी पाइप उचलला आणि तुळईवर मारला. टक्. थांबलो. टक् टक्.

वर काहीच हललं नाही. मग पावलं धावली. आंधळ्या बाईची पावलं — धावली. दार उघडलं.

"किती दिवस लावले," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून मी जातो. चांदुरात असलो की जातोच. अकोल्याची कामं मी आता घेईनासा झालोय, बायकोला वाटतं मशीन दमली. दिवेलागणीला गाडी दूर धुऱ्यावर लावतो, चालत येतो, वाजवतो. बाई दार उघडतात, उभ्या राहतात, दिवसभराचं सांगतात — वैशालीचा फोन आला, लिंबाला मोहर आला. कधी हसतात. मी खाली पडून असतो. मग त्या पायरीवर चहाचा कप ठेवतात आणि आत जातात. पहिल्या दिवशी मी तो चहा मातीत ओतला, रिकामा कप सापडावा म्हणून. नंतर प्यायला लागलो. बिनसाखरेचा, कडू. मेलेल्या माणसाचा चहा मी प्यायलो, रोज, आणि त्याची मला सवय झाली.

बाई रुळाकडे जाऊ नयेत म्हणून मी हे करतो, असं मनाशी म्हणून पाहिलं. ते खरं असेलही. पण रुळाकडे न जाण्यासाठी त्यांना खरं सांगणंही पुरेसं होतं.

परवा गेलो. वाजवलं. दार उघडलं. त्या दिवशी त्यांनी लगेच पायरीवर कप ठेवला आणि आत न जाता दारातच उभ्या राहिल्या. मी हात लांबवून कप घेतला आणि घोट घेतला.

चहा गोड होता. साधा गोड नाही. दोन चमचे जास्त.

मी वर पाहिलं. त्यांचं तोंड शेताकडे होतं. वारा नव्हता. कधी कळलं असेल? त्याच दिवशी? की पहिल्या ठोक्यालाच — बोल्टाचा ठोका आणि माणसाच्या हातचा ठोका, यांतला फरक काकांबरोबर जन्म काढलेल्या बाईंना कळला नसेल? आणि हे कळलं असेल तर त्याच्या मागचं सगळंही कळलं असेल. मी कप संपवला. सगळा. पायरीवर ठेवला. त्यांनी वाकून, चाचपून तो उचलला आणि दार लावून घेतलं. मी तोंड उघडलं नाही. तेव्हाही नाही.

काल परत गेलो. तुकडा घेतला, वाजवला. त्यांनी दार उघडलं.

"आज लवकर आले तुमी," म्हणाल्या, आणि कप ठेवला. चहा तसाच होता, माझा.